बारकोड स्कॅनर आणि मायक्रोकंट्रोलर: जोडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॅनर विकत घेण्याआधी हे वाचलंत तर पैसे वाचतील. घेऊन झाला असेल तर निदान एक-दोन रात्री वाचतील. उत्तरं अर्डुइनो ऊनो (आर३), ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय पिको हे तीन मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्राम टाकून चालवायचे छोटे संगणक) डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

काळ्या-पांढऱ्या रेषा ओळखण्याचा प्रोग्राम मला लिहावा लागेल का?

नाही. ते काम स्कॅनरच्या पोटातला प्रोसेसर करतो. बटण दाबलं की रेषा वाचून, त्यांचा अर्थ लावून, चूक तपासून स्कॅनर तयार अक्षरं बाहेर सोडतो. त्यामुळे अवघड भाग बारकोडचा नसतोच, असतो तो वायरीच्या टोकाचा: ही अक्षरं कोणत्या भाषेत बाहेर येतात आणि तुमच्या बोर्डाला ती भाषा कळते का. खालचे बहुतेक प्रश्न फिरून याच मुद्द्यावर येतात.

अपवाद एकच. जुन्या मशीनमधून काढलेली काही स्कॅन इंजिनं अर्थ न लावता रेषांच्या रुंदीनुसार वर-खाली होणारा नुसता सिग्नल देतात. शिकण्यासाठी ठीक आहे, कामासाठी घेऊ नका.

स्कॅनरची यूएसबी केबल ऊनोच्या यूएसबी सॉकेटला लावली (कन्व्हर्टर वापरून). दिवा लागतो, बीप होते, पण अर्डुइनोत काहीच येत नाही.

येणारही नाही. यूएसबीवर दोन बाजू बरोबरीच्या नसतात. एक यजमान असतो, म्हणजे होस्ट, आणि दुसरं त्याला जोडलेलं उपकरण. बोलणं होस्टच सुरू करतो, उपकरण विचारल्यावर उत्तर देतं. स्कॅनर हे उपकरण, आणि ऊनोचं सॉकेटही संगणकासमोर उपकरणच. दोन पाहुणे एकमेकांच्या दारात उभे, घरात कुणीच नाही. लिओनार्डो या दुसऱ्या अर्डुइनो बोर्डाचंही तेच, ‘त्यात यूएसबी आतच आहे’ म्हणून होस्टचं काम त्याला जमत नाही.

केबल कापून हिरवी आणि पांढरी वायर पिन ० आणि १ वर लावण्याचा प्रयोगही बरेच जण करतात. यूएसबीच्या या दोन वायरी म्हणजे सिरियलच्या (बिट एकामागोमाग पाठवणाऱ्या साध्या जोडणीच्या) आर-एक्स (घेणारी) आणि टी-एक्स (पाठवणारी) नव्हेत. संदेशाची मांडणीच पूर्ण वेगळी आहे.

माझ्याकडे असलेला स्कॅनर कोणत्या प्रकारचा आहे हे कसं ओळखू?

यूएसबीचा असेल तर संगणकाला लावा, नोटपॅड उघडा आणि बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड वाचा. आकडे नोटपॅडमध्ये उमटले तर तो कीबोर्डचं सोंग घेणारा स्कॅनर आहे (एचआयडी). आकड्यांनंतर कर्सर खालच्या ओळीत गेला का तेही पाहा, पुढे उपयोगी पडतं. काहीच उमटलं नाही, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवा कॉम पोर्ट दिसला, तर तो आभासी सिरियल पोर्टवाला आहे.

नऊ पिनांचं डी आकाराचं टोक असेल तर आरएस-२३२, म्हणजे जुन्या संगणकांचं सिरियल. गोल सहा पिनांचं असेल तर पीएस-२, म्हणजे जुन्या कीबोर्डसारखं. बिल्ला नसलेल्या, चार-पाच सुट्या वायरींच्या मॉड्यूलबाबत मल्टीमीटर घ्या. स्कॅनरला वीज द्या, काहीही वाचू नका, आणि ग्राउंड व डेटा वायर यांच्यातलं व्होल्टेज मोजा:

३.३ व्होल्टच्या आसपास: ३.३ व्होल्टचं टीटीएल सिरियल (चिप-चिपमधलं साधं सिरियल).
५ व्होल्टच्या आसपास: ५ व्होल्टचं टीटीएल सिरियल.
उणे ५ ते उणे १२: खरं आरएस-२३२, थेट जोडायचं नाही.

ही मोजणी दोन मिनिटांची आहे आणि जळालेला ईएसपी३२ वाचवते.

अजून घेतलेला नाही. कोणता घेऊ?

ज्यावर ‘यूएआरटी’ (सिरियलचंच दुसरं नाव) किंवा ‘टीटीएल सिरियल’ लिहिलं आहे असं मॉड्यूल. जीएम६५ हे त्यातलं सहज मिळणारं. स्पार्कफनचा डीई२१२० आणि वेव्हशेअरचं बारकोड मॉड्यूल हीसुद्धा याच जातीची. ही सगळी टूडी, म्हणजे क्यूआरही वाचतात.

हातात धरायचा, बंदुकीच्या आकाराचा हवाच असेल तर आरएस-२३२ वाला चालेल. व्होल्टेज बदलणाऱ्या मॅक्स३२३२ चिपची एक छोटी पट्टी मध्ये टाकली की झालं. दुकानं बदलली की असे स्कॅनर तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालात येतात. घेताना केबल सोबत आहे ना ते बघा, कारण मुठीतलं सॉकेट बहुधा दहा पिनांचं असतं आणि एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या स्कॅनरला चालेलच असं नाही.

यूएसबी कीबोर्डवाला सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळतो. पण मायक्रोकंट्रोलरसाठी तोच सगळ्यात त्रासाचा. वाचवलेले पैसे होस्ट शील्डमध्ये (बोर्डावर चढवायची, होस्टचं काम करणारी पट्टी) जातात.

जीएम६५ ईएसपी३२ ला कसं जोडायचं?

चार वायरी. मॉड्यूलचा ५ व्होल्ट बोर्डाच्या ५ व्होल्ट (व्हिन) पिनला, ग्राउंड ग्राउंडला, मॉड्यूलचा टी-एक्स ईएसपी३२ च्या १६ नंबर पिनला, मॉड्यूलचा आर-एक्स १७ ला. टी-एक्स नेहमी समोरच्याच्या आर-एक्सकडे जातो. पहिल्यांदा काहीच आलं नाही तर या दोन वायरींची अदलाबदल करून बघणं हा पहिला उपाय. प्रोग्राममध्ये ‘सिरियल२’ ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) सुरू करा, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. तुमचा ईएसपी३२ ‘रोव्हर’ प्रकारचा असेल तर १६ आणि १७ या पिना आतल्या जादा रॅमसाठी वापरात असतात. तिथे दुसऱ्या दोन पिना निवडा, ईएसपी३२ त्याला ना म्हणत नाही.

वायरिंग बरोबर, बीपही होते, तरी अक्षर येत नाही, असं झालं तर मॉड्यूल यूएसबी मोडमध्ये असतं. माहितीपुस्तिकेतला ‘सिरियल आउटपुट’चा सेटिंग बारकोड (वाचला की स्कॅनरचं सेटिंग बदलणारा बारकोड) एकदा स्कॅन करा. हे सेटिंग वीज गेल्यावरही राहतं.

मॉड्यूलचा डेटा ५ व्होल्टचा निघाला (वरची मोजणी करा) तर ईएसपी३२ आणि पिको यांना तो थेट देऊ नका. टी-एक्सच्या वाटेत १ किलोओहम, आणि पिनपासून ग्राउंडला २ किलोओहम लावला की ५ चे ३.३ होतात. उलट दिशेला काही लागत नाही, ३.३ व्होल्टला बहुतेक ५ व्होल्टची उपकरणं ‘१’ समजतात.

ऊनोला जोडल्यापासून प्रोग्राम अपलोडच होत नाही.

स्कॅनर पिन ० वर आहे. ऊनोत खरा सिरियल पोर्ट एकच, आणि तो पिन ०, १ व यूएसबी यांच्यात वाटलेला. अपलोडच्या वेळी स्कॅनरचा टी-एक्स ती वायर धरून बसतो. तात्पुरता उपाय, अपलोड करताना वायर काढा. कायमचा उपाय, सॉफ्टवेअर-सिरियल लायब्ररी घेऊन पिन १० आणि ११ वापरा. ९६०० बॉडला ती भरवशाने चालते, १,१५,२०० ला नाही. मेगा (मोठा अर्डुइनो बोर्ड) असेल तर पिन १९ आणि १८ वर खरा दुसरा पोर्ट आहे, तोच वापरा. लिओनार्डोतही पिन ० आणि १ यूएसबीपासून मोकळ्या असतात.

अर्धाच कोड येतो, किंवा दोन कोड एकमेकांना चिकटून येतात.

बहुतेक वेळा कारण असं: प्रोग्राम ‘काही आलंय का’ बघतो, येईल तेवढं वाचतो आणि तोच पूर्ण कोड समजतो. ९६०० बॉडला एक अक्षर यायला साधारण १ मिलीसेकंद लागतो. १३ आकडे आणि शेवटचं चिन्ह मिळून १५ मिलीसेकंद. तेवढ्या वेळात ऊनोचा मुख्य लूप शेकडो फेऱ्या मारतो. म्हणून शेवटचं चिन्ह येईपर्यंत थांबायला हवं.

पद्धत अशी ठेवा. आलेला प्रत्येक बाइट बघा. तो १३ किंवा १० असेल (कॅरेज रिटर्न, लाइन फीड) आणि साठवलेलं काही असेल, तर कोड पूर्ण झाला: तो वापरा आणि साठा रिकामा करा. साठा रिकामाच असेल तर सोडून द्या, कारण काही स्कॅनर १३ आणि १० दोन्ही पाठवतात आणि दुसऱ्याने एक रिकामा कोड तयार होतो. इतर अक्षर साठ्यात जोडा, पण साठ्याच्या लांबीपलीकडे नाही. ही मर्यादा कंटाळा न करता घाला. कुणीतरी एक दिवस भलामोठा क्यूआर दाखवणारच.

स्कॅनर शेवटी काहीच पाठवत नसेल तर ‘सफिक्स’चा सेटिंग बारकोड वाचून कॅरेज रिटर्न चालू करा. तेही जमत नसेल तर शेवटच्या अक्षरानंतर ५० मिलीसेकंद शांतता म्हणजे कोड संपला, असं धरा.

अक्षरं मधूनच गळत असतील तर प्रोग्राममधला ‘डिले’ शोधा. ऊनोचा सिरियल साठा ६४ बाइटचा आहे आणि ९६०० बॉडला तो सुमारे ६७ मिलीसेकंदांत भरतो. बारकोडला पुरतो. पण यूपीआयच्या क्यूआरमधला मजकूर सहज शंभर अक्षरांपुढे जातो, आणि तेवढ्यात तुम्ही एलसीडी पुसून ‘कृपया थांबा’ लिहीत असाल तर उरलेली अक्षरं गेली.

आणि सगळंच अगम्य येत असेल, चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं, तर बॉड रेट जुळत नाही किंवा आरएस-२३२ थेट लावलं आहे.

माझ्याकडे यूएसबी कीबोर्डवालाच आहे. फेकून देऊ का?

नको, चार वाटा आहेत.

पहिली वाट फुकटची: पुस्तिकेत ‘यूएसबी सीओएम’, ‘आरएस-२३२’ किंवा ‘टीटीएल’ मोडचा बारकोड आहे का बघा. मुठीतून केबल निघत असेल तर काही मॉडेलमध्ये केबल बदलली की त्याच सॉकेटातून सिरियल मिळतं. पण यूएसबी सीओएम मोड म्हणजे टीटीएल सिरियल नव्हे. त्यालाही होस्ट लागतोच.

दुसरी, ऊनो किंवा मेगावर यूएसबी होस्ट शील्ड. त्यावर मॅक्स३४२१ई ही चिप असते, ती एसपीआयवर (चिप-चिपमधली वेगवान जोडणी) बोलते, पिन १० निवडीसाठी आणि पिन ९ इंटरप्टसाठी (‘काम थांबवून इकडे बघ’ असा इशारा) घेते. ‘यूएसबी होस्ट शील्ड २.०’ लायब्ररीतलं बूट कीबोर्डचं उदाहरण जवळजवळ जसंच्या तसं चालतं.

तिसरी, स्वतःच होस्ट होऊ शकणारा बोर्ड. ईएसपी३२-एस३ मध्ये पिन १९ आणि २० वर यूएसबी आहे आणि ती होस्ट होते. मूळ ईएसपी३२ मध्ये ती सोय नाही, तिथे बरेच जण फसतात. पिकोही टायनीयूएसबी लायब्ररीने होस्ट होतो. पिकोचा स्वतःचा पोर्ट स्कॅनरला दिलात तर संगणकावर संदेश बघायला तो उरत नाही, म्हणून पीआयओ-यूएसबी ही लायब्ररी वापरून लागोपाठच्या दोन साध्या पिनांवर दुसरा पोर्ट करतात. त्यासाठी घड्याळाचा वेग १२ मेगाहर्ट्झच्या पटीत हवा, म्हणजे १२० किंवा २४०. हे विसरलं की सगळं कंपाइल होतं आणि स्कॅनर मात्र सापडत नाही. दोन्ही बोर्डांत स्कॅनरला ५ व्होल्ट बाहेरून द्यावे लागतात. बोर्डाच्या सॉकेटातून ते आपोआप बाहेर येतील असं धरू नका.

चौथी, सीएच९३५० चिपची पट्टी. एका बाजूला यूएसबी कीबोर्ड, दुसऱ्या बाजूला सिरियल. मात्र सिरियलवर तयार अक्षरं येत नाहीत, कीबोर्डचे रिपोर्ट (कोणती कळ दाबली याचे संदेश) येतात आणि त्यांच्याभोवती चिपची चौकट असते. वेग १,१५,२०० असल्याने ऊनोचं सॉफ्टवेअर-सिरियल इथे उपयोगाचं नाही.

कोड शोधायची यादी हजारोंची असेल आणि वायफायही हवं असेल, तर रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू घ्या आणि हा सगळा खटाटोप टाळा. त्यात होस्ट आधीपासून आहे.

होस्ट शील्ड लावलं आणि ‘ओएससी डिड नॉट स्टार्ट’ असा संदेश येतो.

बोर्डाचं चिपशी बोलणंच होत नाहीये, स्कॅनरपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. स्वस्त नक्कल शील्डांवर वीज नेणारे तीन सोल्डर जंपर (३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, व्हीबस) उघडे सोडलेले असतात. भिंगातून बघा, उघडे असतील तर सोल्डरचा थेंब टाकून बंद करा. ते ठीक असतील तर मधल्या सहा पिनांचा एसपीआय जोड नीट बसलाय का पाहा.

याच शील्डवर इथरनेट शील्ड चढवायचा विचार असेल तर थांबा. दोघांनाही पिन १० हवी असते. एकाची निवड पिन दुसरीकडे वळवल्याशिवाय कुणीच चालणार नाही.

आकड्यांऐवजी ३०, ३१, ३९ असं काहीतरी येतं.

हे कीबोर्डच्या कळांचे क्रमांक आहेत, अक्षरांचे नाहीत. कीबोर्ड दर वेळी ८ बाइटचा रिपोर्ट पाठवतो: पहिला शिफ्टसारख्या कळांचा, दुसरा राखीव, उरलेले सहा दाबलेल्या कळांचे. १ ते ९ साठी ३० ते ३८, शून्यासाठी ३९, एंटरसाठी ४०, आणि ए ते झेडसाठी ४ ते २९. शून्य नऊच्या नंतर येतो, कीबोर्डवर तो तिथेच असतो म्हणून. ‘क्रमांकातून २९ वजा करा’ असा सोपा प्रोग्राम लिहिलात तर शून्याच्या जागी १० मिळेल. पहिल्या बाइटमध्ये २ असेल तर डावी शिफ्ट दाबलेली आहे, अक्षर मोठ्या लिपीतलं घ्या.

वाय आणि झेडची अदलाबदल होत असेल तर स्कॅनर जर्मन कीबोर्ड मोडमध्ये आहे. अमेरिकन कीबोर्डचा सेटिंग बारकोड वाचा.

८८ असेल तर ८ एकदाच येतो.

तुमचा प्रोग्राम कळ सोडल्याची नोंद घेत नाही, किंवा ती वाचायला उशीर करतो. ८ दाबला, ८ सोडला, ८ दाबला, असे तीन रिपोर्ट येतात. मधला हुकला की दोन आठांचा एक होतो. रिपोर्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये फक्त अक्षर साठवा. एलसीडी, एसडी कार्ड, वायफाय यांची कामं मुख्य लूपमध्ये, एंटर आल्यानंतर. तरीही गळत असेल तर स्कॅनरमध्ये ‘दोन अक्षरांमधलं अंतर’ वाढवायचं सेटिंग असतं.

पीएस-२ वाला जुना स्कॅनर मिळालाय. चालेल?

ऊनोसाठी हा छुपा खजिना आहे. होस्ट शील्ड नको, दोनच पिना. गोल टोकात पिन १ डेटा, ३ ग्राउंड, ४ पाच व्होल्ट, ५ घड्याळ. घड्याळ ऊनोच्या पिन २ किंवा ३ वर घ्या, कारण बाह्य इंटरप्ट त्या दोन पिनांवरच आहे. दोन्ही वायरींना पुल-अप (वायर शांत असताना ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारे रेझिस्टर) हवेत, बोर्डाच्या आतले चालतात. घड्याळ खाली येताना एक बिट वाचायचा. एका अक्षराला ११ बिट: एक सुरुवातीचा, ८ डेटाचे (छोटा बिट आधी), एक विषम पॅरिटी, एक शेवटचा. कळ सोडल्यावर आधी २४० येतो आणि मग त्याच कळेचा क्रमांक. २४० नंतरचा बाइट टाकून द्या, नाहीतर प्रत्येक आकडा दोनदा दिसेल. क्रमांकांची यादी यूएसबीपेक्षा वेगळी आहे.

यूएसबी स्कॅनरला स्वस्तातला पीएस-२ ॲडॉप्टर लावून हेच होईल का? फक्त स्कॅनरला दोन्ही भाषा येत असतील तरच. त्या ॲडॉप्टरमध्ये चिप नसते, नुसत्या वायरी असतात.

आरएस-२३२ थेट जोडलं तर काय होतं?

शांत असताना त्या वायरीवर उणे व्होल्टेज असतं. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला ते चालत नाही, आणि सिग्नलही उलटा असतो. मध्ये मॅक्स३२३२ घाला: ३.३ आणि ५ दोन्ही व्होल्टवर चालते, सोबत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. जुनी मॅक्स२३२ फक्त ५ व्होल्टवर चालते आणि तिला १ मायक्रोफॅरडचे लागतात. मोठा रेझिस्टर टाकून सिग्नल उलटा वाचणारे लोक आहेत, चालतंही. पण एका स्वस्त चिपसाठी पिन पणाला लावण्यात अर्थ नाही.

नऊ पिनांत स्कॅनरचा डेटा बहुधा पिन २ वर, ग्राउंड ५ वर. वीज कुठून येते ते नीट बघा: काहींना वेगळा ॲडॉप्टर असतो, काही ५ व्होल्ट पिन ९ वर मागतात.

वायरलेस स्कॅनर?

सोबत छोटा यूएसबी डोंगल येणारा असेल तर तो बोर्डाच्या दृष्टीने यूएसबी कीबोर्डच, वरचं सगळं लागू. ब्लूटूथवाला असेल तर पुस्तिकेत एसपीपी (ब्लूटूथवरचं सिरियल) मोड शोधा. त्या मोडमध्ये मूळ ईएसपी३२ स्वतः पुढाकार घेऊन जोडणी करू शकतो, नंतर सगळं सिरियलसारखं. एस३ आणि सी३ बोर्डांत क्लासिक ब्लूटूथ नाही, फक्त बीएलई (कमी विजेचं ब्लूटूथ) आहे. एचसी-०५ या ब्लूटूथ मॉड्यूलला मास्टर (जोडणी सुरू करणारा) करूनही एसपीपी स्कॅनर जोडता येतो, पण स्कॅनर कीबोर्ड मोडमध्ये असेल तर एचसी-०५ ला तो कळत नाही.

१३ आकडे पूर्णांकात साठवले तर भलतीच संख्या येते.

३२ बिटांच्या पूर्णांकात कमाल ४,२९,४९,६७,२९५ मावते, म्हणजे दहाच आकडे. ६४ बिटांचा घेतलात तर मावतं, पण ऊनोवरचं नेहमीचं ‘प्रिंट’ ते छापत नाही. आणि सुरुवातीचा शून्य दोन्हीकडे हरवतो. म्हणून बारकोड हा मजकूर समजा, संख्या नव्हे. त्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते.

अमेरिकेतल्या मालावर १२ आकड्यांचा यूपीसी असतो. काही स्कॅनर त्याच्यापुढे शून्य लावून १३ करतात, काही करत नाहीत. दोन स्कॅनर वापरत असाल तर तुलना करण्याआधी १२ चे १३ करून घ्या.

बारकोडमधून किंमत आणि नाव कसं काढायचं?

निघत नाही, त्यात ते नसतंच. ८९० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेने दिलेला, एवढंच कळतं, माल भारतात बनला असंही त्यातून सिद्ध होत नाही. पुस्तकांवर ९७८ ने सुरू होणारा आयएसबीएन असतो, मराठी पुस्तकांवर बहुधा ९७८८१ किंवा ९७८९३. नाव-किंमत तुम्हालाच यादीत ठेवावी लागते.

शेवटचा आकडा मात्र उपयोगी आहे. पहिले बारा घ्या, विषम जागेवरचे जसेच्या तसे, सम जागेवरचे तिप्पट, आणि बेरीज करा. बेरजेला पुढच्या दहाच्या पटीत नेणारा आकडा म्हणजे तेरावा. उदाहरणार्थ ८९०१२३४५६७८९: विषम जागांची बेरीज २८, सम जागांची ३४, तिप्पट १०२, एकूण १३०. आधीच दहाच्या पटीत, म्हणून तेरावा ०. स्कॅनर हे तपासूनच देतो. तुम्ही पुन्हा तपासलंत तर वायरीत गळलेली अक्षरं पकडली जातात, आणि त्यासाठीच ते करा.

ऊनोत किती कोड मावतील?

रॅम २ किलोबाइट, ईईप्रॉम (वीज गेल्यावरही टिकणारी साठवण) १ किलोबाइट. मजकूर म्हणून १३ बाइट धरले तर ईईप्रॉममध्ये ७८ कोड. १३ आकडी संख्या ६ बाइटांत कोंबली तर १७०. (साठवताना संख्या चालेल, वापरताना पुन्हा मजकूर करा.) घरच्या ग्रंथालयाला हे पुरणार नाही. तिथे एसडी कार्डावर क्रमाने लावलेली फाइल आणि दुभाजन शोध (यादी दर वेळी अर्धी करत शोधणं), किंवा सरळ ईएसपी३२.

क्यूआरमध्ये मराठी मजकूर ठेवला तर येईल का?

सिरियलवर येतो, कीबोर्ड मोडमध्ये येत नाही. कीबोर्डकडे ‘क’ नावाची कळ नसते, त्यामुळे स्कॅनर काहीतरी भलतं टाइप करतो किंवा गप्प बसतो. सिरियलवर यूटीएफ-८ चे बाइट तसेच येतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. ‘पुणे’ म्हणजे प, उकार, ण, एकार: चार चिन्हं, १२ बाइट. साठ्याची लांबी त्या हिशेबाने ठेवा, आणि ‘छापता न येणारे बाइट गाळा’ अशी अट लिहिली असेल तर १२७ च्या वरचे गाळू नका. नेहमीच्या १६×२ एलसीडीवर देवनागरी दिसणार नाही, त्यासाठी ओलेड किंवा टीएफटी आणि जोडाक्षरं जमणारा फॉन्ट लागतो. सोपा मार्ग: क्यूआरमध्ये फक्त क्रमांक ठेवा.

याचीच दुसरी बाजू: संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना कीबोर्ड स्कॅनर वापरला तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी उमटते. स्कॅनर बिघडलेला नसतो, भाषा बदला.

एकदाच दाखवलं तरी चार वेळा नोंद होते.

स्कॅनर सतत-वाचन मोडमध्ये आहे. सेटिंगमध्ये ‘त्याच कोडसाठी मध्यंतर’ असेल तर वाढवा. नाहीतर प्रोग्राममध्ये तोच कोड २ सेकंदांच्या आत पुन्हा आला तर सोडून द्या. दुकानासारखी नोंद असेल तर मात्र हे अंगाशी येतं, एकसारखे दोन पुडे भराभर वाचले तर दुसरा मोजला जाणार नाही. तिथे बटणाचा मोडच बरा.

प्रोग्राममधून वाचन सुरू करता येईल?

जीएम६५ ला कमांड मोडमध्ये टाका आणि सिरियलवर हे नऊ बाइट पाठवा (सोळाच्या पायातले): ७ई, ००, ०८, ०१, ००, ०२, ०१, एबी, सीडी. शेवटचे दोन म्हणजे ‘तपासणी नको’. उत्तरात ०२, ००, ००, ०१, ००, ३३, ३१ असे सात बाइट येतात आणि दिवा लागतो. हे सात बाइट कोडच्या आधी साठ्यात घुसतात, ते आधी वाचून टाका. इतर मॉड्यूलांत बहुधा ट्रिगरची वेगळी पिन असते, ती ग्राउंडला टेकवली की वाचन सुरू.

स्कॅन केलं की ईएसपी३२ रीसेट होतो.

वीज कमी पडते. सिरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’ दिसेल. टूडी स्कॅनरचा दिवा लागतो त्या क्षणी करंट एकदम वाढतो, त्याच वेळी वायफाय बोलत असेल तर दोन्ही ओझी एकत्र येतात. ५ व्होल्ट २ ॲम्पिअरचा चांगला ॲडॉप्टर, जाड आणि आखूड केबल, आणि स्कॅनरच्या ५ व्होल्ट-ग्राउंडजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ऊनोच्या ३.३ व्होल्ट पिनवर स्कॅनर चालवू नका, तिची मर्यादा ५० मिलीॲम्पिअर. गोल सॉकेटात ९ व्होल्ट देऊन ४०० मिलीॲम्पिअर ओढलेत तर रेग्युलेटरमध्ये दीड वॅटच्या आसपास उष्णता होते आणि तो मध्येच बंद पडतो.

काही लेबलं वाचतच नाहीत.

मोबाइलच्या पडद्यावरचा कोड लेझर स्कॅनरला दिसत नाही, आणि क्यूआर तर वनडी स्कॅनरला कधीच नाही. तिथे टूडी इमेजर लागतो. स्वतः छापलेली लेबलं असतील तर दोन्ही बाजूंची कोरी जागा तपासा. ईएएन-१३ ला डावीकडे सर्वांत बारीक रेषेच्या ११ पट आणि उजवीकडे ७ पट हवी, आणि कात्री इथेच चालते. पूर्ण आकार ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर, ८० टक्क्यांपर्यंत लहान चालतो. लाल रेषा पांढऱ्यावर छापल्या तर लाल प्रकाशाला त्या दिसत नाहीत. लॅमिनेशनच्या चकाकीवर उपाय: स्कॅनर १०-१५ अंश तिरका धरा. थर्मल कागद उन्हात किंवा गरम जागी काळवंडतो, काचेच्या कपाटाबाहेर तो लावू नका.

सेटिंग बारकोड वाचता वाचता सगळंच बिघडलं.

पुस्तिकेतला ‘फॅक्टरी डिफॉल्ट’ वाचा आणि पुन्हा एकेक सेटिंग करा. एका पानावर दहा बारकोड असतात आणि शेजारचा चुकून वाचला जातो, म्हणून नको असलेले कागदाने झाका. डिफॉल्टनंतर सिरियल मोडही पुसला जातो हे विसरू नका. ‘रीसेट केल्यापासून काहीच येत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

लेझर स्कॅनर उघडून आतले भाग वापरू का?

आत हलणारा आरसा असतो. किरण सतत फिरतो म्हणूनच तो डोळ्यांना कमी धोक्याचा. आरसा थांबला आणि लेझर चालू राहिला तर सगळी शक्ती एका ठिपक्यावर येते. उघडायचाच असेल तर आधी वीज तोडा, आणि आरसा हलत नसताना लेझर पेटवू नका.